टपालरस्त्यांचे जुने छापील नकाशे वाचताय? या चुका टाळा

जुने नकाशे आता घरबसल्या बघायला मिळतात. मोठमोठ्या ग्रंथालयांनी ते स्कॅन करून ठेवलेत, पैसे पडत नाहीत आणि हवं तेवढं मोठं करून पाहता येतं. त्यामुळे युरोपातल्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या टपालरस्त्यांमध्ये रस घेणारी आपल्याकडची मंडळीही वाढली आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण माझ्याकडे जे प्रश्न येतात, जे लेख तपासायला येतात, त्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्या दुरुस्त करता करता जीव मेटाकुटीला येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

यातल्या बहुतेक चुकांचं मूळ घाईत आहे. नकाशा उघडला की लगेच तो मोबाइलवरच्या नकाशासारखा वाचायला घ्यायचा. हे नकाशे जमिनीचं हुबेहूब चित्र म्हणून काढलेलेच नव्हते. घोडा कुठे बदलायचा, भाडं किती पडेल, पुढचा फाटा कुठला, पूल आहे की पाण्यातून जायचं, एवढ्या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी ते छापले गेले. तुम्ही त्यांना भलताच प्रश्न विचारलात तर उत्तर भलतंच येणार.

अख्खा ताव एकदम ताणून बसवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवते.

जॉन ओगिल्बीचा ‘ब्रिटानिया’ हा ग्रंथ १६७५ साली लंडनमध्ये छापून आला. इंग्लंड-वेल्समधले ७३ रस्ते, १०० प्लेट्स (म्हणजे कोरीव पत्र्यावरून छापलेले ताव), आणि प्रमाण सगळीकडे एकच, मैलाला एक इंच. माणसं मोजणीचं चाक ढकलत रस्तोरस्ती चालली, चाकाच्या तबकडीवर अंतर वाचत गेली आणि वहीत टिपत गेली. त्या टिपणांवरून हे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरले. ओगिल्बी तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. आधी नृत्यशिक्षक, मग व्हर्जिल आणि होमरचा भाषांतरकार. १६६६ च्या लंडनच्या आगीत त्याचं घरदार गेलं, त्यानंतर त्यानं हे काम उभं केलं आणि ग्रंथ निघाल्यावर पुढच्याच वर्षी तो वारला. एवढ्या कष्टानं केलेली वस्तू कशी वाचायची ते शिकून घ्यायला दहा मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

त्याची प्लेट अशी दिसते. एका आडव्या तावावर सहा-सात उभ्या पट्ट्या शेजारीशेजारी. प्रत्येक पट्टी कागदाच्या लांब गुंडाळीसारखी काढलेली, टोकं मागे वळलेली. वाचायला सुरुवात करायची ती डावीकडच्या पट्टीच्या तळाशी. तिथून वर जायचं, वरचं टोक आलं की उजवीकडच्या पट्टीच्या तळाशी उतरायचं आणि पुन्हा वर. रस्ता पट्टीच्या मधोमध. त्याच्यावर मैलांचे आकडे आणि मधल्या फर्लांगांचे ठिपके. दोन्ही बाजूंना चर्च, पवनचक्की, ‘दगडी पूल’, ‘ओढा’, आणि प्रत्येक फाट्यावर तो रस्ता कुठे जातो याची नोंद. रस्त्याच्या कडेला कुंपण किंवा भिंत असेल तर सलग रेघ, रस्ता उघड्या माळावरून जात असेल तर तुटक रेघ. आणि प्रत्येक पट्टीवर स्वतःचं वेगळं दिशाचक्र.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. प्रत्येक पट्टीवर वेगळं दिशाचक्र.

लंडनहून ब्रिस्टलला जाणारा रस्ता पश्चिमेला जातो. पट्टीवर मात्र तो खालून वर जातो. म्हणजे या पट्टीच्या वरच्या टोकाला पश्चिम आहे आणि उत्तर उजव्या हाताला. डोव्हरचा रस्ता आग्नेयेला जातो, तिथे उत्तर खाली डावीकडे सरकलेली. एकाच तावावरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्येसुद्धा चक्र फिरलेलं असतं, कारण मधे रस्ता वळलेला असतो. प्रवाशाच्या दृष्टीनं हे किती सोयीचं! पुढे जे येणार ते कागदावर नेहमी वर, उजव्या हाताचं गाव उजवीकडे. घोड्यावर बसून वाचायला यापेक्षा चांगली मांडणी नाही.

आता झालं काय, ते ऐका. पुण्यातल्या एका हुशार तरुण इंजिनियरनं मला एक फाइल पाठवली. ब्रिस्टल रस्त्याच्या प्लेटचं त्यानं जिओरेफरन्सिंग केलं होतं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ती आजच्या नकाशावर बसवली होती. पद्धत अशी: खाली डावीकडे लंडन दिसतंय, तिथे एक पिन. वर उजवीकडे शेवटचं गाव दिसतंय, तिथे दुसरी. उरलेल्या दोन कोपऱ्यांना अंदाजानं दोन. मग बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरनं सगळा ताव ओढून ताणून बसवून दिला. रस्ता सहा वेळा वर जाऊन सहा वेळा खाली पडत होता. रेडिंग नदीच्या भलत्याच बाजूला, मेडनहेड शेतात. एका पट्टीचं वरचं टोक आणि दुसरीचा तळ यांना त्यानं तिरप्या रेघेनं जोडलं होतं आणि त्या रेघेला ‘हरवलेला रस्ता’ असं नाव दिलं होतं. सोबतच्या ईमेलमध्ये प्रश्न होता: ओगिल्बी एवढा चुकला कसा?

मला वाईट वाटलं ते त्याच्या चुकीचं नाही. चूक कोणाचीही होते. वाईट याचं वाटलं की साडेतीनशे वर्षांपूर्वी चिखलातून चाक ढकलत गेलेल्या माणसांना त्यानं दिशाचक्र न बघताच दोषी ठरवलं. सॉफ्टवेअरनं काहीतरी चित्र काढून दिलं की ते खरंच असणार असा जो विश्वास आहे, तो मला या सगळ्या छंदातला सर्वांत मोठा अडथळा वाटतो. बटण शेवटी दाबायचं असतं.

माझी स्वतःची पद्धत जुनी आहे आणि मी ती सोडणार नाही. आधी प्लेटची प्रिंट काढते, कात्रीनं पट्ट्या वेगळ्या करते आणि एकाला एक टोकाशी चिकटवते. ब्रिस्टलचा रस्ता ११५ मैलांच्या आसपास आहे, त्यामुळे प्रिंट मूळ आकाराची असेल तर जवळपास तीन मीटरची पट्टी होते. ती घरातल्या लांब भिंतीशी जमिनीवर अंथरते आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसते. जिथे दिशाचक्र बदलतं तिथे खूण. जिथे मोठी नदी ओलांडली तिथे खूण. चर्च असलेलं प्रत्येक गाव अधोरेखित. हे करताना रस्ता डोक्यात बसतो, तो स्क्रीनवर बसत नाही.

मग कंप्युटरवर यायचं. प्रत्येक पट्टी वेगळी कापून, वेगळी फिरवून बसवायची. पिना रस्त्यावरच्या जागांनाच लावायच्या: नदीवरचा पूल, गावातलं जुनं चर्च, मोठा चौक. खानावळी आणि सराया यांच्या मागे लागू नका, त्यांची नावं आणि जागा दोन्ही बदलतात. रस्त्यापासून लांब काढलेली गावंही वापरू नका. रस्त्याच्या लांबीला इंचाचं प्रमाण आहे, आडवं अंतर पट्टीत मावेल तसं काढलेलं आहे. दूरचा वाडा किंवा टेकडीवरची पवनचक्की ‘या बाजूला दिसते’ एवढंच सांगण्यासाठी तिथे आहे.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. तावाच्या माथ्यावर जी नक्षीदार चौकट असते ती शोभेची नाही. त्या चौकटीत एकूण अंतर आणि गावागावांमधली अंतरं लिहिलेली असतात. तुमची जोडलेली पट्टी त्या आकड्यांशी ताडून बघा. जुळली नाही तर एखादी पट्टी चुकीच्या क्रमानं लावली असणार.

उलटी टेकडी ‘छपाईची चूक’ समजणं

ओगिल्बीच्या पट्टीवर सरळ काढलेली टेकडी म्हणजे चढ, उलटी काढलेली म्हणजे उतार. इतकंच. स्कॅन फिरवू नका.

मैल म्हणजे मैल असं धरून चालणं

दुसरी मोठी चूक ही. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला एक लेख तपासायला पाठवला होता. विषय छान, भाषा उत्तम. पण लेखाचा सगळा डोलारा एका शोधावर उभा होता: लंडन ते यॉर्क हे अंतर ओगिल्बीच्या आधी दीडशे मैलांच्या आसपास सांगत, आणि ओगिल्बीच्या ग्रंथात ते १९० मैलांच्या वर गेलं. म्हणजे मधल्या काळात रस्ता चाळीस मैलांनी लांबला! लेखकानं कारणंही दिली होती. यादवी युद्धात पूल पडले असतील, जमीनदारांनी रस्ते वळवले असतील, दलदल वाढली असेल. एकेक कारण वाचायला पटण्यासारखं होतं. त्यांतलं एकही खरं नव्हतं.

रस्ता तिथेच होता. मैल बदलला होता.

इंग्लंडमध्ये १५९३ च्या कायद्यानं १७६० यार्डांचा, आठ फर्लांगांचा मैल ठरवून दिला, आजचा १.६ किलोमीटरचा. पण कायदा झाला म्हणून लोक बोलायचे थांबले नाहीत. गावोगावी लोकांच्या तोंडी असलेला जुना मैल त्यापेक्षा बराच लांब होता, आणि लंडनपासून जसजसे उत्तरेला आणि पश्चिमेला जाल तसतसा आणखी लांब. ओगिल्बीनं सगळीकडे कायद्याचा मैल धरून चाक फिरवलं, त्यामुळे एका फटक्यात देशातली सगळी अंतरं ‘वाढली’. त्याला स्वतःला याची पूर्ण कल्पना होती, म्हणून तो लोकांचा प्रचलित आकडाही शेजारी देतो आणि चाकानं मोजलेला आकडाही. दोन्ही छापलेले आहेत, एकाच ग्रंथात. लेखकानं तो ग्रंथ उघडला असता तर पहिल्या काही पानांतच उत्तर मिळालं असतं. त्यांनी दुसऱ्या कोणाच्या लेखातला एक आकडा घेतला, तिसऱ्याच्या लेखातला दुसरा घेतला आणि वजाबाकी केली.

मूळ न बघता उताऱ्यावरून उतारा करायची ही सवय मला अजिबात सहन होत नाही. पूर्वी मूळ ग्रंथ बघायला परदेशी जावं लागायचं, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आज ते स्कॅन फोनवर उघडतं.

इंग्लंड सोडून युरोपच्या भूमीवर गेलात की प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. जर्मन मैल साधारण साडेसात किलोमीटरचा. म्हणजे न्यूरेंबर्गच्या एऱ्हार्ड एट्झलाउबनं रोमच्या यात्रेकरूंसाठी १५०० च्या सुमारास जो ‘रोमचा रस्ता’ नकाशा छापला, त्यावरचा एकेक ठिपका म्हणजे एकेक मैल, पण तो हा लांबलचक जर्मन मैल. तो नकाशा टपालाचा नाही, पण छापील प्रवासी नकाशांची वाट त्यानं घालून दिली, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच पहिली ठेच खातात.

फ्रान्समध्ये टपालाच्या घोड्यांचा प्रवास ‘पोस्ट’ या मापात मोजत. एक पोस्ट म्हणजे टपालाच्या दोन लीग (लीग हे अंतराचं जुनं माप), आजचे पावणेआठ किलोमीटर. ऑस्ट्रियात मात्र एक पोस्ट म्हणजे दोन जर्मन मैल, सुमारे पंधरा किलोमीटर, फ्रेंच पोस्टच्या जवळपास दुप्पट. नाव एकच आहे म्हणून माप एकच धरलंत तर व्हिएन्नाचा प्रवासी अर्ध्या वाटेतच मुक्कामाला पोचलेला दिसेल.

त्यातही पोस्ट हे आधी भाड्याचं माप आहे आणि मग अंतराचं. अमुक टप्पा ‘दीड पोस्ट’ असं प्रशासनानं ठरवलं की प्रवाशानं दीड पोस्टचे पैसे द्यायचे, प्रत्यक्षात चाक किती फिरलं हा प्रश्न नाही. पॅरिसमधून निघताना पहिल्या टप्प्याला दुप्पट भाडं पडायचं, राजाच्या नगरीचा मान म्हणून. नकाशे छापणाऱ्या जायो कुटुंबानं १७०८ पासून फ्रान्सच्या टपाल ठाण्यांच्या याद्या छापायला सुरुवात केली, त्या याद्यांतले पोस्ट बेरीज करून जे अंतर काढतात त्यांनी हे ध्यानात ठेवावं. तुम्ही काढलेली बेरीज प्रवाशाच्या खिशातून गेलेल्या पैशांची आहे. प्रवासखर्च काढायचा असेल तर ती उत्तम आहे. किलोमीटर काढायचे असतील तर नकाशावर पुन्हा मोजा.

मी काय करते? नकाशा उघडला की पहिलं काम, तावावर जिथे कुठे मोजपट्टी छापली असेल ती बघायची. एकाच नकाशावर तीन-चार वेगवेगळ्या देशांच्या मोजपट्ट्या एकाखाली एक असतात, तेव्हा सगळ्या वहीत उतरवून घेते. मग त्या नकाशावरची दोन शहरं निवडते जी आजही जागची हललेली नाहीत, त्यांच्यातलं खरं अंतर काढते आणि त्या नकाशापुरता मैल किती ते स्वतः ठरवते. हे केल्याशिवाय एकही आकडा लेखात घालत नाही.

‘लंडनपासून’ म्हणजे लंडनमध्ये नेमकं कुठून?

ओगिल्बीचे रस्ते कॉर्नहिलच्या स्टँडर्डपासून मोजलेले आहेत. तो स्टँडर्ड म्हणजे चौकातला पाण्याचा खांब. पुढे १७७१ मध्ये डॅनियल पॅटरसननं रस्त्यांचं जे पुस्तक काढलं आणि जे १८२९ पर्यंत अठरा आवृत्त्यांतून चाललं, त्यात रस्त्याप्रमाणे सुरुवात बदलते: पश्चिमेचा रस्ता हाइड पार्क कॉर्नरपासून, दुसरा शोरडिच चर्चपासून, तिसरा लंडन ब्रिजपासून. उत्तरेकडच्या एका मोठ्या रस्त्याची मोजणी हिक्स हॉलपासून होती. ती इमारत पाडल्यावरही मैलाचे दगड ‘जिथे पूर्वी हिक्स हॉल होता तिथून’ अंतर सांगत राहिले. दोन पुस्तकांतले आकडे दोन-तीन मैलांनी जुळत नसतील तर आधी सुरुवातीची जागा बघा. बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं.

ओगिल्बीच्या ग्रंथाला टपालाचा नकाशा म्हणणं

त्यात टपालाचे रस्ते आहेत, पण इतरही पुष्कळ आहेत. टपालाचे खरे नकाशे वेगळे असतात आणि ते ओळखायला शिका. फ्रान्समधून जाणाऱ्या टपालमार्गांचा निकोला सांसोंचा १६३२ चा नकाशा, किंवा प्रागमधला टपाल अधिकारी योहान पेटर नेल यानं १७०९ मध्ये काढलेला जर्मन प्रदेशांचा नकाशा बघा. तिथे रस्त्याला वळण नाही, खड्डा नाही, चर्च नाही. ठाणं, रेघ, ठाणं, रेघ. काहींवर ठाण्याशी शिंगाचं चिन्ह असतं, कारण टपालवाला शिंग फुंकत यायचा. काहींवर रेघेला छोटे आडवे छेद असतात आणि ते मोजायचे असतात, अर्थ नकाशाच्या चिन्हसूचीत दिलेला असतो. दोन ठाण्यांमधली सरळ रेघ रस्ता सरळ होता असं सांगत नाही. ‘इथून निघालेला घोडा तिथे बदलतो’ इतकंच ती सांगते.

कोऱ्या जागेला ओसाड समजणं

इंग्लंडच्या टपालाच्या जुन्या नकाशांवर सगळे रस्ते लंडनमधून फुटतात. मधे मोठमोठे कोरे पट्टे. नवशिके लिहितात, ‘या भागात रस्ते नव्हते.’ रस्ते होते, बाजार भरत होते, बैल आणि लोकर त्याच रस्त्यांनी जात होती. टपाल नव्हतं. १६३५ मध्ये राजाचं टपाल जनतेला खुलं झालं ते लंडनहून निघणाऱ्या मोजक्या मार्गांवर. पत्र शेजारच्या परगण्यात जायचं असलं तरी राजधानीची फेरी करून जायचं. लंडनला न जाता गावं परस्पर जोडणाऱ्या आडव्या मार्गांचा टपालव्यवहार नीट बसला तो अठराव्या शतकात, बाथच्या राल्फ ॲलननं १७२० पासून तो मक्त्यानं घेतल्यावर. कोरी जागा दिसली की दुसऱ्या प्रकारचा नकाशा शेजारी ठेवा. मी ओगिल्बीच्या आडव्या रस्त्यांच्या प्लेट्स ठेवते.

उत्तर वर असणारच, ही खात्री

एट्झलाउबच्या नकाशात दक्षिण वर आहे. रोम माथ्यावर, डेन्मार्क तळाशी. यात्रेकरूनं नकाशावर होकायंत्र ठेवायचं आणि समोर चालायचं. सगळी अक्षरं याच दिशेनं सुलट वाचता येतात. तरी दरवर्षी कोणीतरी तो उलटा करून छापतं आणि मग ‘अक्षरं उलटी का?’ असं विचारतं.

छापलेल्या सालावर डोळे मिटून विश्वास

तांब्याचा पत्रा महाग. एकदा कोरलेला पत्रा पन्नास-पन्नास वर्षं वापरत, मधेच एखादा रस्ता घालत, मालक बदलला की तळाचं नाव खरवडून नवं घालत. त्यामुळे नकाशाला जन्माचं एक साल असतं आणि तुमच्या हातातला ताव छापल्याचं दुसरं. इंग्लंडमध्ये १७३५ पासून कोरीव चित्रांवर प्रकाशनाची तारीख छापली तर कायद्याचं संरक्षण मिळायचं, म्हणून तळाशी बारीक अक्षरांत दिवस-महिना-वर्ष सापडतं. ती तारीख पहिल्या प्रकाशनाची. पुढच्या छपाईतही ती तशीच राहते.

‘नवा’, ‘सुधारलेला’, ‘वाढवलेला’ हे शब्द शीर्षकात दिसले तर ते विक्रेत्याचे शब्द समजा. नेलचा नकाशा न्यूरेंबर्गच्या होमान या नकाशा-प्रकाशकानं १७१४ मध्ये ‘नव्यानं वाढवलेला’ म्हणून काढला, तेव्हा त्यातला किती भाग नवा होता हे दोन्ही शेजारी ठेवून रेघ-रेघ ताडल्याशिवाय सांगता येत नाही.

साल ठरवायला माझे विश्वासाचे साक्षीदार दोन. पहिला कागद. ताव उजेडासमोर धरा. समांतर रेघांची जाळी दिसली तर जुन्या पद्धतीचा कागद. एकसारखा, जाळी नसलेला असेल तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा. इंग्लंडच्या कागदात १७९४ नंतर पुष्कळदा जलचिन्हातच (कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या, उजेडात दिसणाऱ्या खुणेत) साल सापडतं, आणि त्या सालाआधी तो ताव छापलेला असूच शकत नाही. दुसरा साक्षीदार टोलनाका. इंग्लंडमध्ये टोल घेण्याचा पहिला कायदा १६६३ चा, पण नाक्यांचं जाळं पसरलं ते अठराव्या शतकात. ‘सतराव्या शतकातला’ म्हणून विकायला ठेवलेल्या नकाशावर जागोजागी नाके दिसले तर खरेदी थांबवा.

आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांतल्या तारखा दोनदा तपासा. इंग्लंडमध्ये १७५२ च्या आधी नवं साल २५ मार्चला लागायचं.

पानाची पाठ न बघणं

विकत घेणाऱ्यांसाठी हे. ‘ओगिल्बीचा मूळ नकाशा’ म्हणून जे छोटे ताव फिरतात त्यांतले बरेचसे एमॅन्युएल बोवेनच्या ‘ब्रिटानिया डिपिक्टा’ या १७२० च्या खिशात मावणाऱ्या पुस्तकातले असतात. ते पुस्तक सुंदर आहे, माझं आवडतं आहे, पण ते ओगिल्बी नाही. ओळख अगदी सोपी: बोवेनचं पान तळहातापेक्षा थोडं मोठं आणि दोन्ही बाजूंनी छापलेलं. ओगिल्बीचा ताव मोठा, एका बाजूला कोरा, मधोमध उभी घडी. घडी नाही, छपाईच्या पत्र्याचा दाब कागदावर कडेनं उमटलेला नाही, असं असेल तर ती प्रतिकृती. १९३९ आणि १९७० मध्ये चांगल्या प्रतिकृती निघाल्या आणि त्यांची सुटी पानं चौकटीत घालून विकली जातात.

रंगाबद्दल एकच सांगते. ओगिल्बीच्या प्लेट्स काळ्या शाईत छापल्या, रंग बहुतेक वेळा नंतर कोणीतरी भरलेला असतो. जुना हिरवा रंग तांब्यापासून केलेला असायचा, तो कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटवतो. हिरवा लखलखीत आणि पाठ स्वच्छ असेल तर तो रंग अलीकडचा समजा. फ्रेम उघडून दाखवायला विक्रेता तयार नसेल तर तिथून निघा.

दोन नकाशे जुळले म्हणून खरं मानणं

नकाशे काढणारे एकमेकांचे नकाशे उतरवायचे. जॉन केरी या इंग्रज नकाशाकारानं १७९४ मध्ये पोस्टमास्टर जनरलच्या सांगण्यावरून इंग्लंडचे हजारो मैल रस्ते नव्यानं मोजायला घेतले, १७९८ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि थोड्याच वर्षांत केरीचे प्रकाशकांशी नक्कल केल्याबद्दल खटले सुरू झाले. गावाचं नाव दोन्हीकडे एकाच तऱ्हेनं चुकलेलं असेल तर दोन साक्षी झाल्या असं मानू नका. ती एकच साक्ष आहे, दोनदा छापलेली. स्वतंत्र मोजणी कोणी केली होती, एवढंच शोधा.

आपल्याकडच्या मार्गपुस्तकांत हेच सगळं पुन्हा

इंग्रजांनी हीच पद्धत इकडे आणली. जेम्स रेनेलनं बंगाल-बिहारच्या रस्त्यांचं वर्णन १७७८ मध्ये छापलं. मुंबई इलाख्यातल्या मार्गांचं कॅप्टन जॉन क्लून्सचं पुस्तक १८२६ चं. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना ते अतिशय उपयोगाचं आहे, आणि गावांच्या नावांची इंग्रजी रूपं उलगडायची थोडी मेहनत घेतली तर आपल्या ओळखीच्या वाटा त्यात सापडतात. पण मुंबई–पुणे मार्गाबद्दल वाचताना पुष्कळ जण बोरघाटात बग्ग्या धावत होत्या असं गृहीत धरतात. चाकाच्या गाड्यांसाठीचा घाटरस्ता खुला झाला १८३० मध्ये. क्लून्सचं पुस्तक त्याच्या आधीचं. पुस्तकाचं साल आणि रस्त्याचं साल दोन वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

टपालखर्चाचे आकडे काढणाऱ्यांनी १८५४ ही रेघ आखून ठेवावी. देशभर एकसारखा दर तेव्हा आला, त्याआधी अंतर आणि वजन दोन्हींवर पैसे पडत. म्हणून त्याआधीच्या कागदांत अंतराला इतकं महत्त्व दिसतं.

आणि कोस. ‘एक कोस म्हणजे दोन मैल’ असं शाळेत ऐकलेलं असतं, ते तसंच गुणून टाकायचं. रेनेलनं हिंदुस्तानच्या मोठ्या नकाशासोबत जे विवेचन छापलं त्यात कोसाच्या लांबीची चर्चा सविस्तर केली, कारण प्रांताप्रांताचा कोस वेगळा होता आणि त्याला बऱ्याच भागांचा नकाशा मोजणीऐवजी प्रवाशांच्या सांगण्यावर काढायचा होता. तुमच्या हातातल्या कागदावर कोस आहेत ना? मग त्याच कागदातली, त्याच भागातली, आजही जागेवर असलेली दोन गावं घ्या, जुन्या वाटेनं त्यांच्यातलं अंतर काढा आणि त्या कागदापुरता कोस त्यावरून ठरवा. पुढच्या परगण्यात गेलात की तो पुन्हा ठरवा.